मोराचा डोळा आणि एकविसावी माळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शुक्रवारी, २१ मार्चला, आपल्या दैनिकाच्या आरोग्य पानावर जागतिक डाउन सिंड्रोम दिनानिमित्त लेख आला होता. आमच्या घरी तो मोठ्याने वाचला गेला. वाचणारा मी. ऐकणारे माझी बायको, मुलगा, सून आणि माझ्या मांडीवर बसलेली नात. नातीला डाउन सिंड्रोम आहे. तिसऱ्या परिच्छेदाशी मी थांबलो, चष्मा पुसायचं निमित्त केलं आणि पुढचं मनातल्या मनात वाचलं. सून समजायचं ते समजली. कुकर लावायचाय म्हणून उठून गेली.

त्या परिच्छेदाचा मथितार्थ असा, की नात्यातल्या लग्नांमुळे जनुकात उत्परिवर्तन होऊन डाउन सिंड्रोम होतो, तो रक्तातून पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, आणि आईने गरोदरपणी नीट काळजी घेतली तर टळतो. एका वाक्यात तीन चुका. लेखकाने बसून ठरवलं असतं तरी जमलं नसतं.

मी डॉक्टर नाही, मास्तरही नाही. साखर पेठेत राहतो, वय ६७. चाळीस वर्षं चादरीच्या जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राची, कार्डं पंच केली. ग्राफ पेपरवर डिझाइन काढायचं, एकेक घर मोजायचं, त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडायची, कार्डं दोऱ्याने ओवून माळ करायची आणि मागावर चढवायची. आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं, डिझाइन पेनड्राइव्हमधून येतं, माझं काम संपलं. आम्ही पद्मशाली. घरात तेलुगू, दारात मराठी. माझ्या मुलाचं लग्न माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलीशी झालं. आमच्यात याला मेनरिकम म्हणतात. मराठी घरांतही मामाची मुलगी करतातच, तसंच हे. तेव्हा माझी सून ही माझी भाची, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला मामाच म्हणते. तुमचा परिच्छेद आमच्या घरात कुठे जाऊन लागला असेल ते आता तुमच्या ध्यानात येईल.

नात मे २०२० मध्ये झाली. टाळेबंदीचे दिवस, गल्लीच्या तोंडाला बांबू बांधलेले. सून तेव्हा २४ वर्षांची. बाळाचे डोळे जरा तिरपे, तळहातावर आडवी एकच रेघ, अंग पिंजलेल्या कापसासारखं मऊ. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी शंका बोलून दाखवली, पण म्हणाले, खात्री रक्तातली गुणसूत्रं मोजल्यावरच. नमुना पुण्याला पाठवायचा होता आणि गाड्या बंद होत्या. शेवटी ऑगस्टमध्ये रक्त गेलं आणि पुढे तीन आठवड्यांनी कागद आला.

मधल्या तीन महिन्यांत आमच्या घरात जेवढे निदान झाले तेवढे एखाद्या मोठ्या दवाखान्यात वर्षभरात होत नसतील. पहिलं, नात्यातलं लग्न. दुसरं, ग्रहण. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी सूर्यग्रहण होतं आणि त्या सकाळी सुनेने मेथी चिरली होती. हे पाहिलेल्या एक बाई निघाल्या, न पाहिलेल्या पाच. तिसरं निदान माझ्या बहिणीवर आलं. भाची पोटात असताना बहीण कन्ना चौकाजवळच्या खोलीत बसून बिड्या वळत होती, त्या तंबाखूचा वास म्हणे नातीपर्यंत पोचला. बहीण ते ऐकून इतकी खचली, की बारशालाही कोपऱ्यात बसून राहिली.

आणि मग कागद आला. त्यावर एक फोटो आणि खाली एक ओळ: ४७, एक्सएक्स, +२१. (एक्सएक्स म्हणजे मुलगी.) फोटोत गुणसूत्रं जोडीजोडीने मांडलेली होती. सुताच्या दुकानात शेड कार्ड असतं ना, दोऱ्याचे छोटे छोटे तुकडे चिकटवलेलं, अगदी तसं. मोठ्या तुकड्यांपासून बारीक तुकड्यांपर्यंत ओळीने नंबर. एकवीस नंबरखाली दोनाऐवजी तीन तुकडे. सगळ्यांत चिमुकले. मी भिंग लावून पुन्हा पुन्हा मोजले.

आमच्या गल्लीत वनस्पतीशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायला लागलो. त्यांनी पहिल्या दिवशी मला विचारलं, तुमचं काम काय होतं? मी सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, मग तुम्हाला माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर कळेल. पुढचं सगळं त्यांच्या शिकवण्यातून आणि माझ्या पंचिंगमधून आलेलं आहे. चूक असेल तर माझी समजा.

१९९४ ची गोष्ट. मोराचं डिझाइन होतं, बारीक काम. मोराचा डोळा म्हणजे अख्ख्या माळेत एका कार्डावरचं एक भोक. ते भोक माझ्या हातून शेजारच्या घरात पडलं. माग चालू झाला आणि प्रत्येक मोराचा डोळा डोक्याच्या बाहेर येऊन बसला. माग सांभाळणाऱ्या जॉबरच्या लक्षात येईपर्यंत चार डझन चादरी विणून झाल्या होत्या. कार्ड एक, भोक एक, पण माळ जितक्या वेळा फिरली तितक्या वेळा चूक उमटली. प्राध्यापक म्हणाले, हे तुमचं उत्परिवर्तन. जनुक म्हणजे मजकूर, तो चार अक्षरांत लिहिलेला, माणसाच्या एका पूर्ण संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरं. त्यातलं एक बदललं, गळलं किंवा घुसलं, की झालं उत्परिवर्तन. बऱ्याच वेळा काही बिघडत नाही, कारण चुकलेलं भोक चादरीच्या काठात पडतं आणि कोणी बघत नाही. डोळ्यावर पडलं तर दिसतं.

गंमत म्हणजे प्रत्येक नव्या बाळात अशी साठ-सत्तर नवी अक्षरं बदललेली असतात, जी ना आईत असतात ना बापात. तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत, लेख लिहिणाऱ्या लेखकातही आहेत. त्यांतली बहुतेक बापाकडून आलेली, आणि बापाचं वय वाढेल तशी ती वाढतात. याबद्दल मात्र अजून कोणी सासऱ्याला किंवा जावयाला नावं ठेवलेली मी ऐकली नाहीत.

गुणसूत्र हे एक कार्ड नव्हे. ती शेकडो-हजारो कार्डांची ओवलेली अख्खी माळ. माणसाकडे अशा ४६ माळा, २३ आईकडच्या आणि २३ बापाकडच्या. एकविसावी सगळ्यांत आखूड, सुमारे दोनशे-सव्वादोनशे जनुकांची. (बाविसावीपेक्षाही आखूड आहे ती. नंबर घालणाऱ्यांचा सुरुवातीला अंदाज चुकला आणि मग नंबर तसाच राहिला. असं आमच्या कारखान्यातही व्हायचं.) माझ्या नातीकडे या माळेच्या तीन प्रती आहेत. तिन्ही माळांवरची भोकं जिथल्या तिथे आहेत. एकही कार्ड बिघडलेलं नाही. एक माळ जादा आहे, एवढंच.

संपादक महाशय, तुमच्या लेखाने नेमकी इथे गल्लत केली. भोक चुकणं वेगळं आणि माळ जादा येणं वेगळं. दोन्हींची कारणं वेगळी, तपासण्या वेगळ्या, पुढच्या बाळाचा हिशेब वेगळा.

माळ जादा येते कशी, ते सांगतो. हे ऐकताना मला गिरणीची आठवण झाली. पेशी दुभंगताना तिच्यात बारीक धाग्यांची एक चाती तयार होते. शास्त्राच्या मराठी पुस्तकात तिला तर्कू म्हणतात, आणि तर्कू म्हणजे सूत काततो तीच चाती. हे धागे माळांना दोन टोकांकडे ओढून नेतात. बीजांड तयार होताना प्रत्येक जोडीतली एक माळ इकडे आणि एक तिकडे जायला हवी. कधी एखादी जोडी सुटतच नाही, दोन्ही माळा एकाच टोकाला जातात. बीजांडात एकविसाव्या दोन, त्यात बापाची एक, झाल्या तीन. दहातल्या नऊ वेळा ही गोष्ट आईच्या बाजूने घडते, एखाद वेळी बापाच्या.

बघा, म्हणजे आईचंच, असं म्हणायला ज्यांनी तोंड उघडलं असेल त्यांनी एक वाक्य थांबावं. मुलीची सगळी बीजांडं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार व्हायला लागतात. माळांच्या जोड्या जुळतात, आणि काम तिथेच अर्ध्यावर थांबतं. पुढे वयात आल्यावर दर महिन्याला एखादं बीजांड ते काम पुढे नेतं. तोवर पंधरा, पंचवीस, चाळीस वर्षं त्या जोड्या तशाच एकमेकींना धरून बसलेल्या असतात. जितकी वर्षं जास्त, तितका धरून ठेवणारा डिंक जुना. म्हणून वय वाढलं की शक्यता वाढते. पस्तिसाव्या वर्षी साधारण साडेतीनशे बाळांत एक, चाळिसाव्या वर्षी शंभरात एक. विशीतल्या आयांमध्ये हजारात एकही नाही. तरी या बाळांतली बरीचशी तरुण आयांनाच होतात, कारण बाळंतपणं मुळात त्या वयात जास्त. माझी सून त्या हजारातली एक.

ज्या बीजांडातून माझी नात आली, ते माझ्या बहिणीच्या पोटात, कन्ना चौकातल्या त्या खोलीत, माझ्या भाचीच्या आत आकार घेत होतं. प्राध्यापकांनी हे सांगितलं त्या दिवशी मी ओट्यावरून लवकर उठलो. तीन पिढ्या एका जागी बसलेल्या. त्यात कुणी कुणाचं काय बिघडवलं? बिडीच्या तंबाखूचं मी डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, कुणाच्याही कुठल्या कामाकडे बोट दाखवता येत नाही, ही ओढाताण जगभर सगळ्या जातींत, सगळ्या थरांत अशीच होते.

ग्रहणाचा हिशेब तर माझा मीच केला. नात मे महिन्यात झाली, म्हणजे ऑगस्ट २०१९ मध्ये राहिली. जादा माळ तिच्या पहिल्या पेशीतच होती. ग्रहण लागलं २६ डिसेंबरला. चार महिने आधी झालेल्या गोष्टीला मेथी कशी कारणीभूत होईल? हा हिशेब मी पाहुण्यांपुढे कॅलेंडर घेऊन मांडला. दोघांना पटला. बाकीचे म्हणाले, तुम्ही फार शिकलात.

आईने काळजी घेतली तर टळतो, या तुमच्या वाक्याचं उत्तरही याच हिशेबात आहे. गरोदर असल्याचं कळतं त्याच्या आधीच सगळं ठरून गेलेलं असतं. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घ्याव्यात, सुनेने घेतल्याही, त्यांचा उपयोग दुसऱ्या गोष्टींसाठी आहे. लवकर होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते, असं डॉक्टरांनी सांगितलं. मोठ्या माळांतली एखादी जादा आली तर बाळ टिकतच नाही. मुलगा-मुलगी ठरवणाऱ्या माळा सोडल्या, तर तेरावी, अठरावी आणि एकविसावी, या तिघींपैकी एक जादा आली तरच बहुधा जन्मापर्यंत पोचू शकतं, आणि त्यातही नीट जगणारी एकविसावीचीच. किती सुनांनी त्या गेलेल्या दिवसांसाठी जिना चढल्याचे, पपई खाल्ल्याचे, जड उचलल्याचे बोल ऐकले असतील!

आता नात्यातल्या लग्नाचं. इथे मी आमच्या लोकांची वकिली करणार नाही. मेनरिकमचा डाउन सिंड्रोमशी संबंध नाही, कारण माळ न सुटण्याला नवरा-बायकोच्या नात्याशी काही देणंघेणं नाही. पण चुकलेल्या भोकाशी आहे, आणि चांगलाच आहे. माझ्या एका चुलत भावाच्या घरात मामेबहिणीशी लग्न झालं, आणि त्यांच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर निघाला. सहा महिन्यांचा असल्यापासून दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवतात. त्याच्या ४६ माळा बरोब्बर आहेत. शेड कार्डचा फोटो काढला तर काहीही दिसणार नाही. चूक आहे अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात, ज्यावरून रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक भाग बनतो. आपल्या देशात सगळ्यांत जास्त आढळणारी थॅलेसेमियाची चूक म्हणजे जी अक्षराच्या जागी सी. तीनशे कोटींतलं एक अक्षर, म्हणजे माझा मोराचा डोळा.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एक चुकली तर दुसरी सांभाळून घेते, माणसाला जन्मभर पत्ता लागत नाही. नवरा-बायको दोघांकडेही तीच चूक असेल, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता, की बाळाला दोन्ही चुकलेल्याच प्रती मिळतील. परक्या घरात तीच चूक असण्याचा संभव कमी. सख्ख्या मामे-आत्ते भावंडांत मात्र आठवा हिस्सा जनुकं एकाच आजी-आजोबांकडून दोघांत उतरलेली असतात. आजीकडे एक चुकलेलं कार्ड असेल तर ते फिरून एकाच ताटात दोनदा वाढलं जाऊ शकतं. म्हणून लग्न ठरवताना पत्रिकेसोबत एचबीए-टू ची, म्हणजे थॅलेसेमियाचं चुकलेलं कार्ड ओळखणारी, रक्ततपासणी करा, असं मी आमच्या समाजाच्या मेळाव्यात उभा राहून बोललो आहे. पत्रिकेतले गुण जुळवणाऱ्यांना हे पटवणं सोपं जात नाही, पण दोन घरांनी केली.

तेव्हा तुमच्या लेखकाला नात्यातल्या लग्नावर लिहायचंच होतं तर त्याने थॅलेसेमियावर लिहायचं. मी कात्रण काढून भिंतीला लावलं असतं.

रक्तातून उतरतो, हे मात्र सरसकट खोटं म्हणता येत नाही, आणि यासाठीच ती तपासणी महत्त्वाची. डाउन सिंड्रोमच्या शंभरातल्या ९५ मुलांत माझ्या नातीसारखी सुटी जादा माळ असते. तीन-चार मुलांत ती जादा माळ दुसऱ्या एखाद्या माळेला, बऱ्याचदा चौदाव्याला, शिवलेली असते. अशा मुलाची गुणसूत्रं मोजली तर भरतात ४६, आणि तरी एकविसावीचा मजकूर तिप्पट. त्याच्या आईकडे किंवा बापाकडे कधी कधी मोजून ४५ च निघतात, चौदावी आणि एकविसावी एकात शिवलेली. ते धडधाकट असतात, कारण मजकूर पुरता आहे, फक्त बांधणी वेगळी. अशा घरात पुढच्या बाळाची शक्यता वाढते, भावा-बहिणींनीही तपासून घ्यावं लागतं. उरलेल्या एक-दोन मुलांत काही पेशींत ४७ आणि काहींत ४६. चेहरा पाहून यातलं काहीच सांगता येत नाही. नुसत्या चेहऱ्यावरून ओळखलं, आता कशाला पैसे घालवता, असा सल्ला आम्हालाही मिळाला होता. आम्ही ऐकला असता तर सून दुसऱ्या बाळाला घाबरतच राहिली असती. कागदावर सुटं +२१ पाहून डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी शंभरात एकाच्या आसपास. दुसऱ्या वेळी तिने अकराव्या-बाराव्या आठवड्यात सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही रक्ततपासणी करून घेतली. त्या चाचण्या शक्यता सांगतात, खात्री नाही, हेही लेखात कुठे नव्हतं. नातू आता दीड वर्षाचा आहे आणि ताईच्या मागे मागे फिरतो.

ही मोजणी करतात कशी, तेही विचारून घेतलं, कारण मला राहवत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी काचेत तीन दिवस वाढवतात. त्या दुभंगण्याच्या बेतात आल्या की औषध घालून चाती बंद पाडतात, म्हणजे माळा मधोमध अडकून राहतात. मग पातळ क्षाराच्या पाण्याने पेशी फुगवतात, माळा पसरतात, रंग देऊन फोटो काढतात. चाती बंद पाडणाऱ्या मूळ औषधाचं नाव ऐकून मी उडालोच. कोल्चिसीन! माझ्या पायाच्या अंगठ्याला गाऊट होतो तेव्हा डॉक्टर देतात तीच गोळी. उन्हाळ्यात बाजारात येणारं बिनबियांचं कलिंगड त्याच कोल्चिसीनच्या करामतीतून आलं. साध्या कलिंगडाची २२ गुणसूत्रं, कोल्चिसीन लावून ४४ करायची, मग त्या ४४ वाल्या वेलाच्या फुलावर २२ वाल्याचा पराग, की बी येतं ३३ चं. त्या बियाच्या वेलाला फळ धरतं, पण त्या फळात बी धरत नाही, कारण तीनतीनच्या माळांना जोड्या लावता येत नाहीत. जपानच्या हितोशी किहारांनी हे केलं. आपली खायची केळीही तशीच, तीन संच, ३३.

आणि कापूस! आयुष्यभर ज्याच्या सुतावर जगलो त्याची गुणसूत्रं मी साठीनंतर शिकलो. देशी कापसाची २६, अमेरिकन कापसाची ५२. लांब धाग्याची, आज सगळीकडे पेरली जाते ती ही ५२ वाली. कधी काळी दोन वेगवेगळ्या कापसांचे संच एकत्र येऊन ती बनली. मी विचारलं, मग झाडांना दुप्पट चालतं आणि माझ्या नातीला एक जादा का जड जातं? प्राध्यापक म्हणाले, अख्खा संच दुप्पट केला तर प्रमाण टिकतं, एकच माळ वाढवली तर प्रमाण बिघडतं, झाडातसुद्धा. मग त्यांनी धोतऱ्याचं सांगितलं. धोतऱ्याला १२ जोड्या. अमेरिकेत ब्लेकस्ली नावाच्या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात एकेक गुणसूत्र जादा असलेले धोतरे गोळा केले, तर बाराच्या बारा जोड्यांचे बारा तऱ्हांची झाडं निघाली, प्रत्येकाच्या काटेरी फळाचा आकार निराळा. कुठलं गोल, कुठलं लांबट. झाड मात्र धोतऱ्याचंच. श्रावणी सोमवारी सिद्धेश्वराला धोतऱ्याचं फळ वाहताना मी आता ते जरा फिरवून बघतो.

तुमच्या लेखकाला मी एका बाबतीत माफ करतो. माणसाची गुणसूत्रं किती, हे शास्त्रज्ञांनाच १९२३ पासून तीसेक वर्षं चुकीचं माहीत होतं. सगळ्या पुस्तकांत ४८. स्वीडनमध्ये जावात जन्मलेले जो-हिन चियो आणि अल्बर्ट लेवान यांनी १९५५ च्या डिसेंबरात मोजली तर ४६, आणि १९५६ मध्ये ते छापून आलं. पुढे तीनच वर्षांनी, १९५९ ला, पॅरिसहून बातमी आली की या मुलांत ४७ असतात. नाव झालं जेरोम लेजन यांचं. पेशी वाढवायचं तंत्र तिथे उभं केलं मार्त गोतिए या बाईंनी, जादा तुकडा आधी त्यांच्या काचपट्टीवर दिसला, असं त्या पुढे सांगत राहिल्या. त्या पहिल्या निबंधात त्यांचं नाव दुसऱ्या क्रमांकावर छापलं, आणि आडनावाचं स्पेलिंगही चुकवलं. एका अक्षराची चूक कुणाच्या वाट्याला कशी येते बघा.

राहिला तुमच्या लेखातला तो शब्द, मंगोल. १८६६ मध्ये इंग्लंडच्या डॉ. जॉन लँगडन डाउन यांनी या मुलांचं वर्णन केलं तेव्हा चेहऱ्यावरून तो वापरला गेला. १९६१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं, की हा शब्द टाका. १९६५ मध्ये मंगोलिया देशाने हरकत घेतली आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही तो सोडला. साठ वर्षं झाली. संपादकांना पत्र लिहून शब्द बदलता येतो, याचा हा दाखला मी मुद्दाम देतो आहे.

लेखात काय असायला हवं होतं, तेही सांगतो. या मुलांतल्या जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात दोष असतो, म्हणून जन्मल्याबरोबर इको करावा. थायरॉइड दरवर्षी तपासावं. कान-डोळे बघावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत डाउन सिंड्रोमही आहे आणि जन्मजात हृदयदोषही, अंगणवाडीत तपासायला येणाऱ्या पथकाला विचारावं. माझ्या नातीच्या हृदयाला छिद्र होतं, चौदाव्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली. तोवर दूध पितानासुद्धा तिला धाप लागायची. आता मे महिन्यात पाच पूर्ण होतील. उशिरा बसली, उशिरा चाललीय, बोलते थोडं. तेलुगू आणि मराठी दोन्ही कळतं. माझी पंचिंगची जुनी कार्डं तिला खेळायला दिली आहेत. भोकांतून बोट घालून पलीकडून माझ्याकडे बघते.

माझी मागणी एवढीच, की चुकीची दुरुस्ती त्याच आरोग्य पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात छापावी. आतल्या पानावर जाहिरातीखाली दोन ओळी टाकून भागवू नये. आणि माझं नाव छापू नये, सून या गल्लीत रोज भाजी आणायला जाते.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त पंचिंग कारागीर,
साखर पेठ, सोलापूर
२४ मार्च

ता. क. दुरुस्ती येईल त्या दिवशीचे चार अंक जादा ठेवायला पेपरवाल्याला सांगून ठेवलं आहे. एक मेथीवाल्या बाईंना, एक प्राध्यापकांना, एक सुनेच्या कपाटात, त्या कागदासोबत. चौथा घेऊन मी स्वतः बहिणीकडे जाणार आहे. तिला वाचता येत नाही, वाचून दाखवायला लागेल.